पहिला आरसी ट्रक: आधी टायर, मग मोटर, आणि ट्रान्समीटर वेगळाच

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "मी इचलकरंजीत मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील जुनी, पुढे नाक असलेली टाटा १६१३ चालवतात. त्याच गाडीचा सहाचाकी रिमोट ट्रक १:१४ स्केलमध्ये स्वतः बनवायचा आहे. बजेट दहा हजार. यादी काढली आहे: ५४० साइजची १२ टर्नची (तारेच्या १२ वेढ्यांची) मोटर, ३२० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट), दोन एमजी९९६आर सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर), ३एस (तीन सेलची) लायपो बॅटरी आणि तीन चॅनेलचा पिस्तूल रिमोट. हे बरोबर आहे का? एका काकांकडे जुना २७ मेगाहर्ट्झचा रिमोट पडून आहे, तो चालेल का?"

यादी मनापासून केलेली दिसते, पण ती रेसिंग कारची आहे. ती जोडलीत तर ट्रक पळेल, ट्रकसारखा चालणार मात्र नाही. पहिल्या क्लचला उचल खाऊन सुसाट सुटणारी १६१३ तुम्ही कधी पाहिली नसेल. मॉडेल ट्रक बघणाऱ्याला खरा वाटतो तो रंगामुळे कमी आणि चालीमुळे जास्त. म्हणून सगळी खरेदी 'किती हळू?' या प्रश्नावरून ठरवायची. मोटर आधी निवडली की उरलेले सगळे भाग तिच्या चुका झाकण्यात जातात.

सुरुवात टायरपासून करा. ट्रकमधला हा भाग तुम्हाला घरी करता येणार नाही. चॅसी ॲल्युमिनियमच्या पट्टीतून होईल, हौदा लाकडाचा, केबिन सनबोर्डची, पण नक्षीचा रबरी टायर विकतच घ्यावा लागतो आणि तो ठराविक मापातच येतो. ट्रकसाठी मिळणारे १:१४ चे तयार टायर बहुतेक ८३ ते ८५ मिलिमीटर व्यासाचे असतात. आता वडिलांच्या गाडीपाशी टेप घेऊन उभे राहा. ९.००-२० चा टायर असेल तर त्याची उंची एक मीटरच्या किंचित वर भरेल, सुमारे १०२० मिलिमीटर. त्याला १४ ने भागले की ७३ येतात. म्हणजे बाजारातला '१:१४ चा' टायर तुमच्या ट्रकला सेंटीमीटरभर मोठा होणार आणि गाडी खेळण्यातल्या मॉन्स्टर ट्रकसारखी दिसणार. उलट १०२० ला ८४ ने भागा, उत्तर १२ च्या जवळ येते. तुमचा ट्रक १:१२ चा करा. टायर त्यानेच जुळतील. व्हीलबेस ४.२ मीटरचा असेल तर मॉडेलमध्ये तो साधारण ३५ सेंटीमीटर येतो. थोडी मोठी गाडी पहिल्या कामाला सोयीचीही पडते, हात आत जातो.

टायरबरोबर रिम आणि मागचा अॅक्सल एकाच ठिकाणाहून, एकमेकांना बसणारे घ्या. मागे जोडचाके आहेत, त्यामुळे अॅक्सल दोन रिम मावतील एवढा लांब हवा. डिफरन्शियलसकट (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) धातूचा तयार अॅक्सल घ्या, यात काटकसर नको. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीचा खरादी असेल तर हब आणि बुश सुरेख करून देईल, पण बेव्हल गिअर पहिल्याच गाडीला करवून घेण्याच्या भानगडीत पडू नका. पुढचा अॅक्सल, किंगपिन (ज्यावर चाक वळते ती खीळ) आणि टायरॉड (दोन्ही चाके एकत्र वळवणारी दांडी) मात्र तुम्ही स्वतः करा. डिप्लोमाच्या मुलाला त्यात शिकण्यासारखे खूप आहे. स्प्रिंगच्या पाट्यांसाठी खोक्यांना बांधायची स्टीलची पॅकिंग पट्टी वापरा. ती लवचीक असते, कापता येते आणि भंगारात मिळते. पाटे कमी लावा. मॉडेलच्या वजनाला दोन-तीन पुरतात. दिसायला सात हवे असतील तर उरलेले पातळ प्लॅस्टिकचे कापून मध्ये सरकवा. पाटे कडक झाले की ट्रक दगडावर चढताना एक चाक हवेत धरतो, आणि उघड्या डिफरन्शियलमध्ये हवेतले चाकच गरगर फिरत राहते.

आता वेगाचा हिशोब. खरी गाडी ६० किलोमीटरने चालते असे धरा, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. बाराने भागले की १.४ मीटर, आपली चालायची गती. ८४ मिलिमीटरच्या टायरचा घेर सुमारे २६४ मिलिमीटर. म्हणजे चाक सेकंदाला सव्वापाच फेरे, मिनिटाला ३१५ च्या आसपास. हा आकडा वहीत पहिल्या पानावर लिहा.

१२ टर्नची ५४० मोटर ७.४ व्होल्टवर मोकळी पंचवीस-तीस हजार फेरे घेते. भाराखाली पाचवा हिस्सा वजा केला तरी तिला ३१५ वर आणायला सुमारे ७० पट रिडक्शन (गिअरने फेरे कमी करणे) लागेल. तेवढे गिअर कुठे बसवाल? टर्न कमी म्हणजे मोटर वेगवान, टर्न जास्त म्हणजे हळू आणि जोमदार, एवढे पक्के लक्षात ठेवा. ५४० च घ्यायची असेल तर ३५ ते ५५ टर्नची घ्या. टामियाच्या १:१४ ट्रक किटमध्ये साधी ५४० मोटर असते, पण तिच्यासोबत तीन गिअरचा बॉक्स असतो, ज्याचा पहिला गिअर सुमारे ३२ पट आणि तिसरा त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. सगळी करामत त्या बॉक्सात आहे. एकटी मोटर उचलून आणली तर ती तुमच्या गाडीत तशी वागणार नाही.

तुमच्या बजेटला मी वेगळा मार्ग सुचवतो, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या तीन मुलांच्या गाड्या याच मार्गाने उभ्या राहिल्या आहेत. रोबोटिक्सच्या दुकानात मिळणारी १२ व्होल्टची जॉन्सन गिअर मोटर घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती सहज मिळते. सहा मिलिमीटरचा शाफ्ट, धातूचे गिअर, आणि वेगवेगळ्या फेऱ्यांचे पर्याय. १००० फेऱ्यांची मोटर ७.४ व्होल्टवर साधारण ६१७ फेरे घेईल. मागच्या अॅक्सलचे रिडक्शन दोन पट असेल तर चाकाला ३०८ फेरे. आपल्याला ३१५ हवे होते. भाराखाली ते आणखी थोडे उतरतील आणि लादलेला ट्रक घाटात जसा चालतो तशी चाल येईल. अॅक्सलचे रिडक्शन वेगळे निघाले तर मोटरचे फेरे त्या प्रमाणात बदलून घ्या.

अॅक्सलचे रिडक्शन हाताने मोजताना एक चूक सगळे करतात. एक चाक धरून ठेवायचे, मोटरकडून येणाऱ्या शाफ्टचा जॉइंट फिरवायचा आणि दुसरे चाक एकदा फिरायला किती फेरे लागले ते मोजायचे. इथे डिफरन्शियल फसवते. एक चाक धरलेले असताना दुसरे दुप्पट वेगाने फिरते, म्हणून मोजलेल्या फेऱ्यांची दुप्पट हे खरे रिडक्शन असते. एक फेरा लागला तर अॅक्सल दोन पटींचा आहे, एक पटीचा नव्हे.

तीन गिअरचा बॉक्स पहिल्या ट्रकला घेऊ नका. मोह होईल हे माहीत आहे, खऱ्या ट्रकमध्ये वाढलेल्या मुलाला गिअर टाकावासाच वाटणार. पण बॉक्स, गिअर बदलणारा सर्वो, त्याची दांडी आणि तिचे सेटिंग यातच दोन महिने जातात आणि गाडी टेबलावरून खाली उतरत नाही. चॅसीवर मोटरच्या पुढे दहा सेंटीमीटर जागा मोकळी सोडा, बॉक्स पुढच्या वर्षी येईल.

ईएससीवर छापलेले ३२० अँपिअर हा आकडा विसरा. तो क्षणभराच्या कमालीचा असतो, आणि त्या छोट्या खोक्याच्या तारा पाहिल्या तरी कळते की त्यातून एवढा प्रवाह सतत जाणे शक्य नाही. जॉन्सन मोटर पूर्ण अडकली तरी दहा अँपिअरच्या आसपास ओढते. तिला ३० अँपिअरचा ब्रश्ड ईएससी भरपूर झाला. ५४० घेतलीत तर हॉबीविंगचा क्विकरन १०६० हा ६० अँपिअरचा ईएससी नवशिक्यांचा जुना सोबती आहे. कोणताही घ्या, पण दोन गोष्टी पाहून घ्या. लायपोसाठी कमी व्होल्टेजला थांबण्याची सोय हवी, आणि पुढे-मागे सरळ जाण्याचा मोड हवा. कारच्या मोडमध्ये रिव्हर्ससाठी दांडी दोनदा मागे ओढावी लागते, पहिल्यांदा नुसता ब्रेक लागतो. ट्रक धक्क्याला लावताना हे फार त्रासाचे होते.

३एस बॅटरी नको, २एस घ्या. वर केलेला सगळा हिशोब ७.४ व्होल्टचा आहे. ३००० एमएएचची बॅटरी आणि सरासरी दोन अँपिअरचा खप धरला तर तासाभरापेक्षा जास्त चालेल. प्रत्येक सेल भरलेला ४.२ व्होल्टचा असतो, ३.३ च्या खाली उतरवायचा नाही, आणि आठवडाभर वापरणार नसाल तर ३.८ वर ठेवायचा. प्रत्येक सेल सारखा भरणाऱ्या बॅलन्स चार्जरशिवाय लायपो घरात आणू नका. चार्ज करताना ती मातीच्या कुंडीत ठेवा आणि तुम्ही त्याच खोलीत बसा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, ती नवी असली तरी. परदेशातून कुणी नातेवाईक आणून देणार असतील तर त्यांना सांगा की सुटी बॅटरी हातातल्या सामानात ठेवावी लागते, चेक-इन बॅगेत चालत नाही.

सर्वो एकच पुरे, स्टिअरिंगचा. एमजी९९६आर चालेल, सहा व्होल्टला त्याचा जोर साधारण ११ किलो-सेंटीमीटर सांगतात आणि तुमच्या पुढच्या अॅक्सलवर दीड-दोन किलोच भार येईल. पण त्याची भूक मोठी आहे. अडकला की अडीच अँपिअर ओढतो, आणि ईएससीमधून सर्वोला वीज देणारे बीईसी कित्येकदा दोनच अँपिअरचे असते.

माझ्या दुसऱ्या ट्रकचे नेमके हेच झाले. सोसायटीच्या उतारावर चाक दगडाला टेकले, सर्वो अडकला, व्होल्टेज चारच्या खाली गेले आणि रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला. ते दोन सेकंद गाडी कुणाचीच नव्हती. ती सरळ उघड्या गटारात गेली. चार महिन्यांची केबिन चिरली, आणि उतारावर खेळणारे एक लहान मूल तिच्या वाटेतून हातभर अंतरावर होते. त्या दिवसापासून मी प्रत्येक गाडीत वेगळे यूबीईसी, म्हणजे ईएससीबाहेरचे स्वतंत्र बीईसी बसवतो, पाच किंवा सहा व्होल्टचे, किमान तीन अँपिअरचे. ते लावताना ईएससीच्या त्रितारी प्लगमधली मधली लाल तार काढून, तिच्यावर श्रिंक स्लीव्ह चढवून ठेवा. दोन्हीकडून वीज दिली तर दोन बीईसी एकमेकांशी झगडतात.

आता ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट. बजेटचा मोठा वाटा इथे जाऊ द्या, आणि वाईट वाटून घेऊ नका. मोटरचे ब्रश झिजतील, बॅटरी दोन-तीन वर्षांत थकेल, केबिन तुम्ही स्वतःच नवी कराल. ट्रान्समीटर मात्र या सगळ्यांना पुरून उरतो. तो या ट्रकचा भाग नाहीच, पुढे तुमच्या हातून होणाऱ्या सगळ्या गाड्यांचा आहे.

काकांचा २७ मेगाहर्ट्झचा सेट प्रेमाने कपाटात ठेवा. त्यात फ्रीक्वेन्सी ठरवणारे क्रिस्टल असतात, जवळपास दुसरा कुणी त्याच क्रिस्टलवर असेल तर दोघांच्या गाड्या वेड्या होतात. आणि सिग्नल तुटल्यावर गाडीने काय करायचे हे अशा जुन्या साध्या सेटना सांगता येत नाही. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे सेट फ्रीक्वेन्सी सतत बदलत राहतात, त्यामुळे दहा जण शेजारी उभे राहिले तरी चालते. ठरलेल्या शक्तीच्या आत या पट्ट्यात आपल्याकडे २००५ पासून परवाना लागत नाही.

पिस्तूल रिमोट कारसाठी उत्तम आहे. बोटाने वेग, चाकाने दिशा, आणि अंगठ्याला एखादे बटण. पण तुमच्या ट्रकची कामे मोजा. स्टिअरिंग, वेग, दिवे, हॉर्न अशी चार आजच झाली. उद्या गिअर येईल, परवा हौदा डंपरसारखा उचलावासा वाटेल. तीन चॅनेल संपले. म्हणून दोन दांड्यांचा, किमान सहा चॅनेलचा सेट घ्या. फ्लायस्कायचा एफएस-आय६एक्स मी नवशिक्यांना सांगतो. त्याचे रिसीव्हर स्वस्त आणि सहज मिळतात आणि २० गाड्यांची सेटिंग्ज त्यात राहतात. रिसीव्हर त्याच घराण्याचा घ्यावा लागतो, दुसऱ्या घराण्याचा त्याच्याशी बोलत नाही. आयए६बी रिसीव्हरला सर्वोच्या सहा जागा आहेत, तुम्हाला त्या दोन वर्षे पुरतील.

हे सेट मुळात विमानवाल्यांसाठी केलेले आहेत, त्यामुळे एक अडचण येते आणि नव्या माणसाला तिथे वाटते की सेट बिघडलेला आहे. मोड २ या दांड्यांच्या मांडणीत डावी दांडी वर-खाली केली की जिथे सोडली तिथेच राहते, मध्यावर परत येत नाही. विमानाला ते हवे असते. ट्रकचा वेग त्या दांडीवर घेतलात तर हात सुटला तरी गाडी जात राहील. म्हणून ईएससी तिसऱ्या चॅनेलला न लावता दुसऱ्याला लावा. तो उजव्या दांडीच्या वर-खालीवर असतो आणि सोडली की स्प्रिंगने मध्यावर येतो. स्टिअरिंग चौथ्या चॅनेलला, म्हणजे डाव्या दांडीच्या आडव्या हालचालीवर. डाव्या हाताने दिशा, उजव्याने वेग, अंगठे आठवड्याभरात शिकतात. तिसरा चॅनेल तूर्त मोकळा ठेवा, उद्या तीन गिअरना ती न परतणारी दांडी अगदी योग्य आहे. खाली पहिला, मध्ये दुसरा, वर तिसरा. सेट चालू करताना मात्र ही दांडी खाली आणि सगळे स्विच वर असावे लागतात, नाहीतर तो इशारा देऊन अडून बसतो. दिवे आणि हॉर्न पाचव्या-सहाव्या चॅनेलवर, मेनूतून हव्या त्या स्विचला जोडा.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी गाडी जमिनीवर ठेवण्याआधी करा. पहिली, स्टिअरिंगचे एंड पॉइंट, म्हणजे सर्वोने दोन्ही बाजूंना किती फिरायचे याची मर्यादा. चाक पूर्ण वळल्यावर सर्वो गुणगुणत राहिला तर तो लोखंडाला ढकलतो आहे. गुणगुण थांबेपर्यंत टक्केवारी उतरवा. दुसरी, सर्वोचा हॉर्न (त्याच्या शाफ्टवरची छोटी दांडी) मध्यावर बसवूनच मग टायरॉड जोडा, रिमोटवरच्या ट्रिमच्या बटणाने तिरपी चाके सरळ करत बसू नका. तिसरी फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर गाडीने काय करायचे ते, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मेनूत जाऊन दुसऱ्या चॅनेलचे फेलसेफ शून्यावर, म्हणजे थांबलेल्या स्थितीत ठेवा. मग मागची चाके उचलून, मोटर फिरत असताना ट्रान्समीटरचा एक सेल काढा. चाके थांबली तरच गाडी अंगणात न्या. ही परीक्षा प्रत्येक नव्या बाइंडिंगनंतर (रिसीव्हरची ट्रान्समीटरशी जोडी लावल्यावर) पुन्हा करा. चालू करताना आधी ट्रान्समीटर मग ट्रक, बंद करताना आधी ट्रक. हा क्रम कधीही मोडू नका.

केबिन आणि हौदा इतक्यात करू नका. उघड्या चॅसीवर दोन किलो तांदळाची पिशवी बांधा आणि पंधरा दिवस चालवा. नट कुठले सुटतात, जॉइंट कुठे घासतो, डाग दिलेली कुठली तार तुटते हे सगळे तेव्हाच कळते. यू-बोल्टना नायलॉन नट वापरा. मोटर दहा मिनिटांनी हाताला धरवत नसेल तर रिडक्शन कमी पडते आहे, मोठ्या ईएससीने ते सुटणार नाही.

दहा हजारांत ट्रान्समीटर-रिसीव्हर, अॅक्सल-टायर, मोटर, ईएससी, यूबीईसी, सर्वो, बॅटरी आणि चार्जर एकदम बसवणे ओढाताणीचे आहे. एकदम घेऊ नका. या महिन्यात टायर आणि अॅक्सल, पुढच्या महिन्यात ट्रान्समीटर, आणि तोवर चॅसी, पाटे, पुढचा अॅक्सल तुमच्या हातून होऊ द्या. फाळक्याच्या कड्या, रंगपट्ट्या, मागची अक्षरे यांना पैसा लागत नाही, वेळ लागतो.

हॉर्नचे एक सांगायचे राहिले. डीएफप्लेयर मिनी नावाचे छोटे मॉड्यूल मेमरी कार्डवरचा आवाज वाजवते आणि आर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड रिसीव्हरचा सिग्नल वाचून त्याला हुकूम देऊ शकतो. सिग्नल समजायला सोपा आहे: सेकंदाला ५० वेळा येणारा एक ते दोन मिलिसेकंदांचा ठोका, दीडला मध्य. इंटरनेटवरून कुठल्या तरी अमेरिकन ट्रकचा भोंगा उतरवू नका. वडील पहाटे गाडी गरम करत असतील तेव्हा मोबाइल बॉनेटपाशी धरून पाच मिनिटांचा आवाज घ्या, आणि हॉर्न वेगळा, दोन-तीन वेळा. त्याच वेळी टायरच्या बाजूवरचा आकडा, व्हीलबेस, चॅसीच्या पट्टीची उंची आणि जमिनीपासून हौद्याच्या तळापर्यंतचे माप वहीत टिपून घ्या. टायर मागवण्याआधी ही चार मापे मला कळवा, १:१२ बसतो का ते एकदा मिळून ताडून पाहू.